कडीला लावलेलं कुंकू

या पेजवर मी बरीच वर्षं नुसती वाचायला येते. लिहितेय मात्र पहिल्यांदाच.

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. मैत्रिणीच्या मावशीच्या नणंदेची तर अजिबात नाही. माझ्या घरात, माझ्यासमोर घडलेली आहे. शाळा सगळी हिंदीतून झाल्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण घडलं त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

मागच्या वर्षीचा चैत्र. एप्रिलमधला एक शुक्रवार. गाव देवास.

दुपारचे चार वाजले होते.

हो, दुपारचे. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि माझ्या घरात चार बायका हसत बसल्या होत्या. म्हणूनच मला अजून भीती वाटते. रात्री काही दिसलं असतं तर म्हटलं असतं, झोपेत भास झाला.

माझं नाव नीतू. नवरा अर्पित. आम्ही मूळचे धारचे. सासूबाईंना सगळी गल्ली माई म्हणते, म्हणून मीही माईच म्हणते. अर्पितला देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मार्चमध्ये आम्ही दोघं सामान घेऊन निघालो.

खरं सांगायचं तर मलाच धार सोडायचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी माझं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर गल्लीतली प्रत्येक बाई मला बघून आवाज बारीक करायची. मला त्या बारीक आवाजाचा कंटाळा आला होता. म्हटलं, असं गाव हवं जिथे आपल्याबद्दल कोणाला काही माहीत नाही.

देवासला आलो आणि पंधरा दिवसांत कळलं... मला पुन्हा दिवस गेले होते.

अर्पितशिवाय कोणाला सांगितलं नाही. माईंनाही नाही. तीन महिने पार पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

सुरुवातीचे दिवस छान गेले. संध्याकाळी तो ड्यूटीवरून आला की आम्ही स्कूटरवर गाव बघायला निघायचो. टेकडीवर देवीला जाऊन आलो, मीठा तालाबावर बसलो. अर्पितला रस्ता विचारायला लाज वाटते, त्यामुळे एकदा बाजारातून घरी यायला पाऊण तास लागला आणि एकच पाण्याची टाकी आम्ही तीनदा बघितली. मी हसून हसून बेजार झाले. खूप दिवसांनी हसले होते.

पण तो ड्यूटीवर गेला की दिवस खायला उठायचा.

आमचं भाड्याचं घर टेकडीच्या खालच्या बाजूला, एका बोळात होतं. ओळीनं पाच घरं. सगळ्यात आत सावित्रीबाई आणि त्यांची सून सुमंगला. जुनं मराठी घर. मग गुड्डीभाभी, त्या माळव्यातल्याच. मग शाळेत शिकवणारी नेहा. चौथं आमचं. आणि बोळाच्या तोंडाशी पाचवं घर, ज्याला कुलूप असायचं. येता-जाता त्याच्यावरूनच जावं लागायचं.

आमच्याकडे चैत्रात गौर मांडतात. तिला छोट्या झोपाळ्यात बसवायचं आणि अक्षयतृतीयेपर्यंत एखाद्या दिवशी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. कैरीची डाळ, पन्हं, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. माईंनी फोनवर बजावलं, नव्या घरातला पहिला चैत्र आहे, गौर मांडायचीच. ओळीतलं एकही घर सोडायचं नाही.

मी विचारलं, कुलूप असेल तर?

त्या म्हणाल्या, "तर कडीला कुंकू लावायचं, उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या. आले की समजतं त्यांना."

धारला आम्ही असंच करतो. पण धारला कुठलं घर नुसतं बंद आहे आणि कुठलं रिकामं आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. इथे मला कोण सांगणार? आणि मी कोणाला विचारलंही नाही. चूक तिथेच झाली.

बुधवारी दुपारी मी वाटीत कुंकू आणि अक्षता घेऊन निघाले. तीन घरं झाली. पाचव्या घरापाशी आले. लोखंडी कडी, तिच्यात गंजलेलं कुलूप. उन्हात उभं राहवत नव्हतं, पायाखालची फरशी चपलेतून भाजत होती.

मी कडीला कुंकवाचं बोट लावलं...

कडी गार होती.

माठाचं पाणी असतं तशी गार. मी हात मागे घेतला, पुन्हा लावून बघितला. गारच. म्हटलं, असेल सावली पडलेली. पण सावली कुठेच नव्हती. अक्षता ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी कैऱ्या आणायला जाताना सहज बघितलं. कडीवर कुंकू नव्हतं. उंबऱ्यावर अक्षतेचा एक दाणा नव्हता.

मला काय वाटलं सांगू?

मला आनंद झाला. म्हटलं, आले वाटतं गावाहून. आमंत्रण पोचलं.

शुक्रवारी अर्पित दुपारच्या पाळीला गेला. चार वाजता सावित्रीबाई, सुमंगला, गुड्डीभाभी आणि नेहा आल्या. सतरंजीवर बसल्या, गौरीचं कौतुक झालं. मी पन्ह्याचे पाच पेले आणले. माझ्या मामांनी लग्नात सहा पेल्यांचा संच दिला होता, प्रत्येकावर 'नीतूस मामांकडून' असं कोरलेलं. मग डाळ आणायला मी आत गेले.

बाहेर आले तर...

खिडकीखालच्या कोपऱ्यात आणखी एक बाई बसली होती.

दार उघडंच होतं, त्यामुळे केव्हा आली कळलं नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. इकडे नव्या सुना असा पदर घेतात, म्हणून मला वावगं वाटलं नाही. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बाकीच्यांच्या गप्पा चालू होत्या, तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आपणही इथे नव्याच, ही बिचारी आपल्यापेक्षा बुजरी, असं मनात आलं.

मी आत जाऊन सहावा पेला भरून आणला. तिच्यापुढे ठेवला. कुंकवाचा करंडा घेऊन तिच्यासमोर बसले. तिनं पदर जरासा वर केला, फक्त कपाळापुरता. मी बोट टेकवलं...

तोच गारवा.

मग तिनं ओटीसाठी पदर पसरला आणि मला तिचं पोट दिसलं. सहावा-सातवा महिना असावा.

मला काय झालं कोण जाणे. इतके दिवस जे ओठांवर आणलं नव्हतं, ते मी तिला सांगून टाकलं. हरभऱ्याची ओंजळ तिच्या पदरात घालताना मी अगदी हळू म्हटलं, "मलाही दिवस आहेत. अजून कोणाला सांगितलं नाही."

ती वाकली. चेहरा नाही दिसला. आवाज मात्र नीट ऐकू आला, मऊ, घसा कोरडा पडलेल्या माणसाचा.

"बोलावलंत, बरं वाटलं. आता बाळाला घेऊन माझ्याकडे या."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं...

मागे कोणीच बोलत नव्हतं.

मी वळले. चौघीही माझ्याकडे बघत होत्या. सावित्रीबाईंनी पेला खाली ठेवला होता. नेहा उठून उभी राहिली होती.

गुड्डीभाभींनी विचारलं, "नीतू... तू किसको टीका लगा री थी?"

मी पुन्हा कोपऱ्याकडे बघितलं.

कोपरा रिकामा होता.

भिंतीवर, बसलेल्या बाईच्या कपाळाच्या उंचीवर, कुंकवाचं बोट होतं. आणि त्याच्याखाली सतरंजीवर ओले हरभरे पडले होते.

नेहा घाईघाईनं निघून गेली. गुड्डीभाभी तेवढं जाताना पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी हरभरे गोळा केले, भांडी आवरली.

पेले पाचच होते. सहावा घरात कुठेही सापडला नाही.

सावित्रीबाई दाराशी थांबल्या होत्या. सुमंगलेला त्यांनी पुढे पाठवलं आणि मला विचारलं, पाचव्या घराला बोलावणं केलं होतंस का? मी सांगितलं, कडीला कुंकू लावून आले होते. त्या उंबऱ्यावरच बसल्या. मग जे बोलल्या ते मी आजवर विसरलेले नाही.

चार वर्षांपूर्वी त्या घरात एक जोडपं राहायला आलं होतं. ती मुलगी खातेगांवची, आपल्यातलीच. गावात नवी, ओळखपाळख नाही. नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. कोणाला वाटे घरात कोणी नाही, कोणाला कळे पण म्हणायचे नवरा-बायकोच्या भानगडीत कशाला पडा. त्या चैत्रात सावित्रीबाई हळदीकुंकवाचं बोलावणं करत बोळाच्या तोंडापर्यंत आल्या.

"कुलूप पाहिलं आणि वळले. आतून बांगड्या वाजल्या, नीतू. दोनदा वाजल्या. ती दाराशी उभी होती. मी ऐकलं आणि तरी पुढे गेले. कडीला कुंकूही लावलं नाही."

नवरा एक दिवस गेला तो परत आलाच नाही. उन्हाळा, घरातलं पाणी संपलेलं. लोकांना वास आला तेव्हा पोलिसांनी कुलूप तोडलं. तो अक्षयतृतीयेचा दिवस होता. तिला सहावा महिना लागला होता. नंतर पुन्हा दाराला कुलूप लागलं ते लागलंच.

अर्पित रात्री घरी आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यार नीतू, उन्हात फिरलीस, पोटात काही नाही, चक्कर आली असेल." भिंतीवरचं कुंकू त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं. मला वाटलं, बरोबर असेल त्याचं. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं...

आमच्या कडीला कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

उंबऱ्यावर अक्षता होत्या.

आमच्याकडे रीत आहे. मी तुला बोलावलं की तू मला बोलवायचं. आणि कुंकवाला कोणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, निदान उभ्या उभ्या जाऊन बोटभर लावून यायचं. हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं, ती आपल्यातलीच होती.

अर्पितनं ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. तिसऱ्या दिवशी तो पहाटेपासून दाराआड खुर्ची टाकून बसला. कोणी आलं नाही, आवाज झाला नाही. दार उघडलं तेव्हा कुंकू ओलं होतं. त्यानं जाऊन पाचव्या घराचं कुलूप बघितलं, गंजलेलं, त्याच्यावर कोळ्याचं जाळं तसंच. त्यानंतर तो मला चक्कर वगैरे काही म्हणाला नाही. सुट्टी टाकली आणि सामानासाठी छोटा हाथी टेम्पो ठरवून आला.

आम्ही निघालो त्या दिवशी अक्षयतृतीया होती. मुद्दाम नाही. गाडी त्याच दिवशी मिळाली.

सामान चढलं. सावित्रीबाई भेटायला आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, नुसती दाराशी उभी राहा, कडीला हात लाव आणि नमस्कार कर, आत जायचं नाही. मला जायचं होतं. देवाशपथ सांगते, मला जायचं होतं. पण पोटात दुसरा महिना होता, आणि 'बाळाला घेऊन या' हे शब्द कानात होते. एक बाळ मी आधीच गमावलं होतं.

अर्पित म्हणाला, "काकू, कुलूप आहे ना तिथे. बंद घरात कसं जाणार ती?"

मी स्कूटरवर बसले. पाचवं घर आलं. मी मान दुसरीकडे वळवली...

आतून बांगड्या वाजल्या.

दोनदा.

अर्पितच्या खांद्यावर माझा हात होता. तो शहारलेला मला कळला. पण आम्ही थांबलो नाही.

मी धारला माईंकडे आले. अर्पितनं देवासच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, सुट्टीला इकडे येऊ लागला. माईंना मी सगळं सांगितलं.  रात्री त्या देवापुढे बराच वेळ बसून होत्या.

तिसरा महिना गेला. चौथा गेला. नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली, गुटगुटीत, घर डोक्यावर घेणारी. आम्ही तिला चिऊ म्हणतो. मी हळूहळू सगळं विसरायला लागले. खरंच विसरले होते.

हा चैत्र आला. माईंची गौर दरवर्षी मोठी असते. गेल्या मंगळवारी हळदीकुंकू झालं. पंधरा-वीस बायका. चिऊ आतल्या खोलीत पाळण्यात झोपली होती, दार मी नुसतं लोटून घेतलं होतं. मधून मधून कान तिकडेच होता.

बायका गेल्या. मी तिला बघायला गेले. दार ढकललं...

उघडलं नाही.

आतून कडी लावलेली होती.

आत फक्त पाच महिन्यांची चिऊ होती. तिला अजून बसताही येत नाही.

मी किंचाळले. माई धावत आल्या. अर्पित नेमका घरी होता, त्यानं मागच्या खिडकीचा गज वाकवून हात आत घातला आणि काठीनं कडी सरकवली. त्याला दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत चिऊचा एकदाही रडण्याचा आवाज आला नाही. आणि मी दाराला कान लावला तेव्हा आत बांगड्या वाजत होत्या.

दार उघडलं तेव्हा चिऊ हसत होती. पाळण्यात जागी, हात हलवत, खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसत होती. अंगावर ओरखडा नाही. कपाळावर कुंकवाचं बोट. दुपट्यावर मूठभर ओले हरभरे. आणि पाळण्याखाली स्टीलचा पेला, काठोकाठ पन्ह्यानं भरलेला.

त्याच्यावर कोरलं होतं, 'नीतूस मामांकडून'.

माई म्हणाल्या, "ओटी भरून गेली पोरीची. वाईट करायचं असतं तर केलं असतं." त्या दिवसापासून मीही स्वतःला तेच सांगतेय. तिनं आशीर्वाद दिला, आपला पेला परत केला, झालं.

पण खोलीच्या आतल्या कडीलाही कुंकू लावलेलं होतं.

कडीला कुंकू कशासाठी लावतात, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय.

उद्या अक्षयतृतीया आहे. मी सकाळच्या बसनं इंदूरवरून देवासला चालले आहे. अर्पित बसस्टँडवर घ्यायला येईल. ताटात कुंकू, खण, नारळ आणि हरभरे भरून ठेवलेत. सावित्रीबाईंना फोन केला होता, त्या म्हणाल्या, मी पण येते, माझंही जायचं राहिलंय. घरमालकाकडून किल्ली मिळाली तर आत जाऊन तिची ओटी भरणार, नाही मिळाली तर दाराशी बसून. यावेळी मी तिचं दार टाळून पुढे जाणार नाही, एवढं नक्की.

चिऊला नेणार नाही. ते माझ्यानं होणार नाही. ती माईंजवळ राहील. माईंनी आतल्या खोलीची कडी आजच काढून टाकलीय.

सगळं ठरलंय. बॅग भरून झाली. चिऊ माझ्या शेजारी झोपलीय.

पण तिनं बाळाला घेऊन यायला सांगितलं होतं. मघापासून एकच विचार डोक्यातून जात नाही...

मी तिच्या दाराशी बसले असेन, आणि तेव्हा ती इकडे आली तर?